त्या अर्जावर माझी सही का नाही

हे शीर्षक वाचूनच काही जण म्हणतील, "आला मोठा समाजसुधारक!" म्हणा बापडे. सबमिशनच्या धावपळीत तीन रात्री जागून हे लिहिलंय, कारण तोंडी सांगायला गेलो की कुणी पूर्ण ऐकूनच घेत नाही.

प्रसंग हॉस्टेलवर सगळ्यांना माहीत आहे. डे-स्कॉलर मंडळी आणि स्टाफसाठी थोडक्यात सांगतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर हॉस्टेल भरलं त्या आठवड्यातली गोष्ट. रात्री अकराची वेळ. कुणाच्या तरी बॅगेत उरलेले सुतळी बॉम्ब होते. गेटवर आपले वॉचमन काका खुर्चीत बसून मोबाईलवर जुनी गाणी ऐकत होते. दोघा-तिघांनी त्यांच्या खुर्चीमागे, भिंतीला लागून एक बॉम्ब लावला आणि पळाले. भिंतीमुळे आवाज दुप्पट झाला. काका दचकून पडले नाहीत, त्यांनी स्वतःला खाली झोकून दिलं. पोटावर, दोन्ही हात डोक्यावर. वरच्या गॅलरीतून पन्नास-साठ पोरं हसली. खोटं कशाला बोलू, पहिले दोन सेकंद मीही हसलो.

मग काका उठले आणि समोर जो पहिला सापडला त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. तो बिचारा बॉम्ब लावणाऱ्यांतला नव्हताच, मेसमधून ताट धुऊन येत होता. ओठ फुटला, दोन टाके पडले. चौघांनी मिळून काकांना बाजूला ओढलं. त्यानंतर काका गेटच्या पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. हे मात्र फार कमी जणांनी पाहिलं, कारण तोवर सगळे आत जाऊन अर्ज लिहायला बसले होते!

अर्जातलं वाक्य मला पाठ आहे. "सदर वॉचमन हे मानसिकदृष्ट्या अस्थिर व धोकादायक असून त्यांना तात्काळ कामावरून कमी करण्यात यावे." खाली एकशे बारा सह्या. रेक्टर सरांनी अर्ज ठेवून घेतला आणि काकांना दिवसपाळी दिली. पण सिक्युरिटी एजन्सीचं कंत्राट मे महिन्यात संपतं, आणि नव्या यादीत काकांचं नाव असावं की नाही यावर हॉस्टेल कमिटीचं मत विचारलं जाणार आहे. म्हणजे प्रश्न संपलेला नाही. एका माणसाची रोजीरोटी आपल्या मतावर अवलंबून आहे.

काका माजी सैनिक आहेत. त्यांच्या डोक्याला कधी मार बसला होता का, ते मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही, आणि दोन बॅक असल्यामुळे इंजिनिअर होईन की नाही हीसुद्धा शंकाच आहे. पण त्या रात्री डोक्यावर हात घेऊन पालथा पडलेला माणूस पाहिला आणि मला माझे मोठे बाबा आठवले. त्यांच्याबद्दल मी हॉस्टेलवर कधीच बोललो नाही. आज बोलतो.

मी गडचिरोली जिल्ह्यातला. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, पोलीस दलात होते. आमच्याकडे पोलिसात लागणं म्हणजे काय हे पुण्या-मुंबईकडच्या मित्रांना कळायचं नाही. नक्षलवाद्यांशी लढायला १९९० साली गडचिरोलीत 'सी-६०' हे पथक उभं राहिलं ते इथल्याच पोरांमधून. जंगल ओळखणारी, गोंडी-माडिया बोलणारी पोरं. त्यामुळे बातमीत "जवान जखमी" असं येतं तेव्हा तो कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी वर्गमित्र असतो.

तारखा तर आम्हा पोरांना परीक्षेसारख्या पाठ आहेत. १ फेब्रुवारी २००९, मरकेगाव, १५ पोलीस. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला लाहेरी, १७ पोलीस. २७ मार्च २०१२, पुस्टोला, राखीव दलाची बस भूसुरुंगाने उडवली, १२ जवान. ११ मे २०१४, चामोर्शी तालुक्यातलं मुरमुरी, सी-६० चे ७ जवान. आणि १ मे २०१९, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेडा, १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. हे सगळे आकडे मृतांचे आहेत. शहीद स्मारकावर नावं कोरली जातात, दरवर्षी फुलं वाहिली जातात, आणि ते व्हायलाच पाहिजे. पण पुस्टोल्यात जेवढे गेले त्याच्या दुपटीहून जास्त जखमी झाले होते. त्यांचं पुढे काय झालं, हे कोणत्या दगडावर कोरलेलं नसतं.

मोठे बाबा कोणत्या स्फोटात सापडले ते मी सांगत नाही, कारण मग नाव काढायला वेळ लागत नाही. त्यांची गाडी उडाली नव्हती. पुढची उडाली. ते मागच्या गाडीतून खाली उतरत होते, फेकले गेले आणि डोकं रस्त्याकडेच्या दगडावर आपटलं. थोडा वेळ शुद्ध नव्हती. नागपूरला नेलं, डोक्याचा सीटी स्कॅन काढला. हाड मोडलेलं नाही, रक्तस्राव नाही, "नॉर्मल". चार-पाच दिवसांत सुट्टी. घरी आले तेव्हा आजीने ओवाळलं. सगळा गाव म्हणाला, नशीब बलवत्तर, माणसाला ओरखडासुद्धा नाही.

आणि इथून आमच्या घरातली गोष्ट सुरू झाली.

पहिली गोष्ट जेवणाची. मोठे बाबा खाण्याचे शौकीन. आता ताट समोर आलं की म्हणायचे, यात चवच नाही. मोठी आई मीठ वाढवायची, तिखट वाढवायची. एक दिवस त्यांनी भरलेलं ताट अंगणात फेकलं. मार्च महिन्यात आमच्या गावाभोवती मोहाचा वास असा सुटतो की झोपेतसुद्धा कळतं. ते पहाटे अंगणात उभे राहून म्हणाले, "यंदा मोह फुललाच नाही." आम्ही एकमेकांकडे बघितलं. टोपल्या भरून मोहफुलं तर ओसरीवरच वाळत घातली होती! आजीला वाटलं, कुणी काही केलं असेल. पुजाऱ्याकडे जाऊन आली.

दुसरी गोष्ट नाटकाची. झाडीपट्टीतल्या मित्रांना सांगायला नको. दिवाळी झाली की मंडई, आणि मंडईच्या रात्री नाटक. वडशाच्या कंपन्यांची नाटकं बघायला मोठे बाबा सायकलवर वीस-वीस किलोमीटर जायचे आणि पहाटे परत येताना आम्हाला सगळे संवाद म्हणून दाखवायचे. स्फोटानंतरच्या दिवाळीत आम्ही त्यांना हौसेने नेलं. लाऊडस्पीकर, झगमगते लाईट, गर्दी. अर्ध्या तासात ते कान दाबून खाली बसले, मग शेजारच्या एका म्हाताऱ्याला शिव्या दिल्या, मग उठून अंधारात चालू लागले. पुन्हा कधी गेले नाहीत.

तिसरी गोष्ट रागाची, आणि ही लिहायला जड जाते. ज्या माणसाने मला कधी 'अरे' म्हटलं नाही, तो माणूस दार जोरात लागलं म्हणून धावून यायचा. मोठ्या आईवर हात उचलला. ताईने, म्हणजे माझ्या चुलत बहिणीने, मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं. दादाने बारावीचा अभ्यास आमच्या घरी येऊन केला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दहा मिनिटांनी मोठे बाबा शांत! कधी आठवायचं, मग ते रडायचे. कधी आठवायचंच नाही, मग विचारायचे, "तुम्ही सगळे असे तोंड पाडून कायले बसले?" नातेवाईक म्हणायचे, ड्युटीवर जायचं नाही म्हणून नाटक करतो. खात्यातले काही जण म्हणायचे, दारू वाढली असेल. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती कितपत आहे हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. खरं सांगायचं तर ते पिऊ लागले होते. पण राग आधी आला, दारू नंतर.

मोठी आई एकदा माझ्या आईजवळ बोलली, मी शेजारच्या खोलीत होतो. म्हणाली, "आले त घरी, पन पूरे नाही आले." इतकंच.

चार वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी नागपूरला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सहज विचारलं, "यांना वास येतो का?" आणि टेबलावरची कॉफीची बाटली उघडून नाकाजवळ धरली. मोठे बाबांना काही कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याला जोराचा हिसका बसला की नाकाकडून मेंदूत जाणारे बारीक तंतू तुटू शकतात. वास गेला की जेवणाची चवही जाते. म्हणजे चार वर्षं आमच्या घरात ज्यावरून भांडणं झाली, ताटं फेकली गेली, ते मोठ्या आईच्या हाताचं चुकलं नव्हतं आणि मोठे बाबांचं नाटकही नव्हतं. दुखापत होती ती! मोठी आई दवाखान्याच्या बाकावर बसून खूप वेळ काही बोललीच नाही.

आता आपण इंजिनिअरिंगवाले आहोत तर थोडं आपल्या भाषेत बघू. मेंदू साधारण १.४ किलो वजनाचा, जेलीसारखा मऊ, आणि कवटी नावाच्या टणक पेटीत द्रवावर तरंगणारा. पेटी अचानक थांबली तरी आतला ऐवज थांबत नाही. तो पुढे आपटतो, मग मागे आपटतो, आणि पिळलाही जातो. कर्तन प्रतिबल आपण दुसऱ्या वर्षाला शिकतो ना, तेच इथे लागू पडतं. मेंदूतले लांब लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. स्फोट असेल तर त्यात दाबाच्या लाटेची भर. ही लाट ध्वनीपेक्षा वेगाने येते, काही मिलिसेकंदांत दाब एकदम वर जातो आणि मग खाली. व्ही आकाराच्या तळाची सुरुंगरोधक गाडी स्फोटाची शक्ती बाजूला वळवते, आणि त्यामुळे जीव वाचतात. पण गाडी उचलून आपटली की आतल्या माणसाचं डोकं हिसका खातंच.

सीटी स्कॅनमध्ये मोडलेलं हाड दिसतं, साचलेलं रक्त दिसतं. तुटलेले सूक्ष्म तंतू सहसा दिसत नाहीत. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल" याचा अर्थ "माणूस नॉर्मल" असा होत नाही. मल्टिमीटरवर सप्लाय बरोबर दाखवला म्हणजे मशीन चालेलच असं नाही, हे लॅबमध्ये आपण रोज अनुभवतो, पण माणसाच्या बाबतीत विसरतो.

मेंदूचा पुढचा भाग कवटीच्या तळाच्या खडबडीत हाडावर टेकलेला असतो, म्हणून आपटल्यावर तिथे इजा होण्याची शक्यता जास्त. आणि नेमका हाच भाग आपल्या रागाला ब्रेक लावतो. राग सगळ्यांनाच येतो, ब्रेकमुळे आपण थांबतो. ज्याचा ब्रेक निकामी झाला त्याला लोक म्हणतात, स्वभाव बिघडला. काहींचं उलटं होतं. राग नाही, आनंद नाही, दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, आणि घरचे म्हणतात आळशी झाला. काहींना स्वतःत झालेला बदल कळतच नाही, कारण तो कळायला लागणारा भागच दुखावलेला असतो. यात स्फोटाच्या मानसिक आघाताची, म्हणजे वाईट स्वप्नं, दचकणं, सतत सावध राहणं याची सरमिसळ झाली की कशाचं मूळ काय हे डॉक्टरांनाही पटकन उलगडत नाही.

ही काही फक्त गडचिरोलीची गोष्ट नाही. पहिल्या महायुद्धात १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरने तोफगोळ्यांनंतर हादरलेल्या सैनिकांबद्दल लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द छापला. अशा कित्येकांना तेव्हा भित्रे ठरवण्यात आलं. त्यानंतर शंभर वर्षांनी तरी फरक पडला का? ८ जानेवारी २०२० रोजी इराकमधल्या अल-असद तळावर इराणने क्षेपणास्त्रं डागली. पहिल्या दिवशी सांगण्यात आलं की एकाही अमेरिकन सैनिकाला इजा नाही. पुढच्या काही आठवड्यांत शंभराहून अधिक सैनिकांना मेंदूची इजा झाल्याचं निदान झालं. इतकी यंत्रणा असलेल्या देशाची ही तऱ्हा, तर धानोरा-भामरागडच्या जवानाचं काय घेऊन बसलात!

अजून एक जुनी गोष्ट, आणि ती खास आपल्या धंद्यातली. १३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचं काम चाललं होतं. फिनियस गेज नावाचा मुकादम लोखंडी पहारीने भोकात दारू ठासत होता. ठिणगी पडली आणि साडेतीन फुटांहून लांब ती पहार त्याच्या गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली. माणूस वाचला! चालत होता, बोलत होता. पण त्याचे डॉक्टर हार्लो यांनी नोंदवलं की तो पूर्वीचा गेज राहिला नाही. शिवराळ, चंचल, हेकट झाला, आणि कंत्राटदारांनी त्याला परत कामावर घेतलं नाही. पाठ्यपुस्तकात गोष्ट इथेच संपते. पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. हाच गेज नंतर चिली देशात गेला आणि तिथे कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता. रोज ठरलेल्या वेळी उठणं, तीच घोडी, तेच काम. आता अभ्यासकांना वाटतं की या ठरलेल्या दिनक्रमानेच त्याला बऱ्यापैकी सावरलं असावं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता घरच्यांविषयी. माणूस गेला की रडता येतं, तेरवी होते, लोक येऊन बसतात. माणूस आहे पण पूर्वीचा नाही, त्याचं दुःख कसं करायचं? पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा दुःखावर आयुष्यभर काम केलं. तिचं म्हणणं साधं आहे. या दुःखाला शेवट नसतो आणि समाजाची मान्यता नसते, म्हणून ते जास्त पोखरतं. मोठी आई विधवा नाही, त्यामुळे तिला कुणी सांत्वनाला येत नाही. नवरा धडधाकट दिसतो, त्यामुळे मदतीलाही कुणी येत नाही. बायकोची ती हळूहळू आई झाली, मग नर्स झाली, मग पहारेकरी झाली. पैशाचा हिशेब तिच्याकडे आला, कारण मोठे बाबा पगाराचे पैसे कुणालाही देऊन यायचे. आणि पुन्हा ऐकून घ्यायचं काय, तर "नवऱ्याला सांभाळता येत नाही."

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर लेखाचा चुकीचा अर्थ निघेल. इजा मेंदूची आहे म्हणून घरच्यांनी मार खायचा, असं मी मुळीच म्हणत नाही. मोठी आई दोनदा ताईला घेऊन माहेरी गेली, ते बरोबरच केलं. कारण समजणं वेगळं आणि सहन करत राहणं वेगळं. उलट कारण समजलं तरच उपाय करता येतो. आमच्या घरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून काय बदललं? औषधं सुरू झाली. दारू बंद, कारण दुखावलेल्या मेंदूला थोडी दारूही जास्त चढते. टीव्हीचा आवाज कमी. दुपारी झोप ठरलेली. एका वेळी एकच माणूस बोलणार. राग चढू लागला की वाद घालायचा नाही, सरळ खोलीबाहेर जायचं. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर रोजची कामं लिहिलेली. चमत्कार झाला नाही. वास परत आला नाही, नाटकही परत आलं नाही. पण गेल्या तीन वर्षांत हात उचललेला नाही. ही मोठी गोष्ट आहे. आणि ती चार वर्षं आधी होऊ शकली असती, हे मला खुपतं.

म्हणून माझं मत असं. स्फोटाजवळ सापडलेल्या प्रत्येक जवानाची, ओरखडा असो वा नसो, मेंदूच्या दृष्टीने तपासणी व्हावी, आणि ती एकदाच नाही तर तीन महिन्यांनी, वर्षाने पुन्हा व्हावी. तपासणीच्या वेळी घरच्यांना वेगळं बसवून विचारावं, कारण खरं त्यांनाच माहीत असतं. सुट्टी देताना हातात नुसत्या गोळ्यांची चिठ्ठी नको, काय काय होऊ शकतं याचा एक कागद मराठीत आणि गोंडीत द्यावा. असा एक कागद आमच्याकडे असता तर आजी पुजाऱ्याकडे गेली नसती. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथेच १९१७ साली स्थापन झालेली, अपंग सैनिकांना काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. म्हणजे मनात आणलं तर आपल्याला जमतं. पण व्हीलचेअर दिसते, मेंदू दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिले आहेत. आमच्या भागात घरोघरी ऐकू येणारा सिकलसेल त्यात आहे, पण डोक्याला मार बसून झालेली मेंदूची इजा असा वेगळा प्रकार नाही. ती मानसिक आजारात किंवा दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात बसवावी लागते. ज्याला रकाना नाही त्याला दाखला मिळवताना काय होतं, हे सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

कुणी म्हणेल, आता नक्षलवाद संपत आला, हे कशाला उगाळायचं? खरं आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. आम्हा जिल्हावासीयांना त्याचा जेवढा आनंद झाला तेवढा कुणालाच झाला नसेल. पण बंदुका थांबल्या म्हणजे जखमा भरल्या असं होत नाही. उलट आता तरी मोजदाद करायला उसंत मिळेल. आणि मोजायचंच तर सगळ्यांना मोजा. सुरुंगात सापडलेले गावकरी आहेत. शरण आलेल्यांमध्येही कित्येक जण असे असतील की ज्यांच्या कानाजवळ वर्षानुवर्षं स्फोट झाले. मेंदूला गणवेश कळत नाही.

आता परत गेटवर येऊ. हा लेख लिहू का म्हणून मी काकांना विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, "लिव्हा. पन माहं नाव नका टाकू. आनि त्या पोराच्या ओठाचं पन लिवजा, चूक माही होती." ज्याचा ओठ फुटला तो माझ्याच विंगमध्ये राहतो. त्याला मी हे वाक्य सांगितलं. तो म्हणाला, "अर्जावर माझी सही नाहीये, तुला माहीत आहे का?" मला खरंच माहीत नव्हतं. ज्याला लागलं त्याने सही केली नाही, आणि ज्यांनी गॅलरीतून मजा बघितली त्यांनी रांगेत उभं राहून केली!

काकांनी हात उचलला ते चूकच. त्यांची तपासणी व्हावी, आणि तिचा खर्च कॉलेजच्या कल्याण निधीतून व्हावा, अशी माझी रेक्टर सरांना विनंती आहे. तपासणीत काही निघेल किंवा निघणार नाही. प्रत्येक माजी सैनिक असा असतो असंही नाही. कितीतरी जण सुखाने शेती करतात, बँकेत नोकरी करतात. रात्रपाळी त्यांना मानवत नसेल तर दिवसपाळीच ठेवावी. पण काढून टाकणं हा उपाय नाही. ठरलेली वेळ, ठरलेलं काम, ओळखीची माणसं, हेच अशा माणसाला धरून ठेवतं. गेजला ते चिलीत जाऊन शोधावं लागलं. काकांकडे ते आपल्या गेटवर आहे, आणि तेवढंच आपण काढून घ्यायला निघालोय.

हॉस्टेल कमिटीपुढे मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, कॅम्पसमध्ये सुतळी बॉम्ब पूर्ण बंद, दिवाळी असो की मॅच जिंकलेली असो. दोन, टेली-मानस या मोफत सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर मेसच्या आणि सिक्युरिटी केबिनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावावा. तो मराठीतही बोलतो, आणि सबमिशनच्या काळात आपल्यालाही लागतो! तीन, बाईकवर हेल्मेट. हसू नका. मूल रोडवर ट्रिपल सीट जाताना डोकं आपटलं तर तोच मेंदू, तेच तंतू आणि तीच मोठी आई. गडचिरोलीच्या जंगलात भूसुरुंग होता, आपल्यासाठी डिव्हायडर पुरेसा आहे.

बाकी सह्या करणाऱ्यांवर माझा राग नाही. मला मोठे बाबा नसते तर मीही एकशे तेरावा असतो. पण सही मागे घेता येते. मेसच्या नोटीस बोर्डाशेजारी मी दुसरा अर्ज ठेवलाय. त्यावर सध्या दोन सह्या आहेत, एक माझी, आणि दुसरी ज्याचा ओठ फुटला त्याची. पेन दोरीने बांधलेलं आहे, कुणी नेऊ नये म्हणून.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी